पहिल्याची जागा

क्लासच्या खोलीत पहिल्या बाकावरची खिडकीकडची जागा रिकामी असायची. तिथे कुणी बसत नसे, दप्तर ठेवत नसे, ओली छत्रीसुद्धा टेकवत नसे. सकाळी उन्हाचा एक चौकोन त्या जागेवर येऊन बसायचा आणि ऊन चढलं की उठून जायचा. तेवढीच तिथली वहिवाट.

सरांची पद्धत अशी होती की दर रविवारच्या परीक्षेनंतर मुलांनी गुणांच्या क्रमाने बसायचं. पहिला खिडकीपाशी, त्याच्या शेजारी दुसरा, आणि असं सरकत सरकत शेवटचा दारापाशी, जिथे खालच्या टायरच्या दुकानातला जळक्या रबराचा वास जिन्यातून वर यायचा. सोमवारी सगळी खोली उठायची आणि पुन्हा बसायची. कुणी पुढे, कुणी मागे. दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या पोटाशी धरून पोरं बिऱ्हाड हलवल्यासारखी हलायची. दोनच जागा हलत नसत. एक ती रिकामी, आणि एक तिच्या शेजारची.

त्या शेजारच्या जागेवर बसणाऱ्या मुलीला सगळे दुसरी म्हणत. आधी क्लासात म्हणत, मग शाळेत म्हणू लागले, मग ते घरापर्यंत आलं. धाकटी बहीण सकाळी चादर ओढायची आणि म्हणायची, उठा दुसरीबाई, पहिले कधीचे उठून अभ्यासाला बसले. आई चिडायची. दुसरी काय दुसरी, घरात सवत आणल्यासारखं वाटतं, म्हणायची. मग एकदा तिच्याच तोंडून निघून गेलं आणि त्यानंतर कुणी थांबवलं नाही.

पहिल्याला कुणी बघितलेलं नव्हतं. सर सांगत, मुलगा हुशार आहे, पण गर्दीत त्याला गुदमरतं. म्हणून तो अभ्यास घरी करतो, परीक्षेपुरता येतो, आणि परीक्षाही आत, सरांच्या खोलीत देतो. त्या खोलीला दुधी काचेचं दार होतं. रविवारी प्रश्नपत्रिका वाटून झाल्या की सर आत जात आणि दार लोटून घेत. बाहेर झाडलोट करणाऱ्या मावशी स्टुलावर बसून पहारा देत. काचेमागे एक वाकलेलं डोकं दिसायचं. पहिला मागच्या जिन्याने येतो आणि मागच्या जिन्याने जातो, असं पोरांनी आपलं ठरवून टाकलं होतं.

अर्थात पोरं तेवढ्यावर थांबली नाहीत. कुणी म्हणालं त्याचे वडील मोठ्या हुद्द्यावर आहेत, कुणी म्हणालं त्याला वडीलच नाहीत. तो आडवा पडून वाचतो, त्याला दुधाचा वास सहन होत नाही, तो डावखुरा आहे. दुसरीची एक मैत्रीण होती, बहुतेक वेळा चौथ्या जागेवर असायची म्हणून चौथी. तिच्या जिभेला हाड नव्हतं. दार किलकिलं असताना आपण त्याचा हात पाहिला, असं ती शपथेवर सांगायची. बोटांना शाई, नखं कुरतडलेली.

“हातावरून सांगते, दिसायला बरा असणार,” चौथी म्हणाली. “आणि जागा नेमकी तुझ्या शेजारची. नशीब काढलंस बाई.”

दुसरी हसली नाही. तिला त्या जागेची सवय लागली होती, आणि सवय ही हसण्यासारखी गोष्ट नव्हती. दोन वर्षं ती डावा कोपर अंगाशी घट्ट धरून लिहीत होती, शेजारच्याला लागू नये म्हणून. सोमवारी सर गुण वाचून दाखवत. पहिला एक्क्याण्णव, दुसरी नव्वद. पहिला चौऱ्याऐंशी, दुसरी ब्याऐंशी. पेपर सोपा असो की अवघड, तो तिच्या एखाद-दुसरा गुण पुढे असायचा. जिन्यात आपल्यापुढे कुणीतरी चालावं, वळणावर त्याची फक्त टाच दिसावी, तसं. तिने अभ्यास वाढवला, तोही वाढला. एकदा तापात तिने पेपर दिला, फार वाईट गेला. त्या सोमवारी पहिलाही घसरला होता. तो असा आपल्यासाठी थांबला, हे तिला त्याच्या पुढे असण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं.

एका सोमवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. ऊन अजून खिडकीत आलं नव्हतं. तिने सहज त्या रिकाम्या जागेवर तळहात ठेवला. लाकूड उबदार होतं. आत्ता कुणी उठून गेल्यासारखं.

घरी जेवतानाही ती अंग चोरून बसू लागली. चार माणसांच्या टेबलाशी तिच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा सुटायची. धाकटीने एकदा घास हातात धरून त्या जागेकडे पाहिलं.

“तिकडे कोण बसलंय गं?” तिने विचारलं.

आईने तिला गप्प जेव म्हणून सांगितलं. पण त्या दिवसापासून आईही त्या बाजूने वाढायला येईनाशी झाली.

आई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायची. बाबा मालाचे ट्रक तोलणाऱ्या काट्यावर होते. रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेली लोखंडी पाटी, तिच्यावर ट्रक येऊन उभा राहायचा, आणि काचेच्या केबिनमध्ये बाबा आकडा टिपायचे. दिवसभर ते ड्रायव्हरांशी हुज्जत घालत. उतरा खाली, तुमचं वजन नको, मालाचं हवंय, हे वाक्य ते झोपेतही बोलायचे असं आई सांगायची.

मुलगी लहान असताना एकदा पाटीखालचा खड्डा साफ करायला माणसं आली होती. बाबांनी तिला हात धरून त्या खड्ड्यात उतरवलं. वरची पाटी पुन्हा लागली, आणि बाबांच्या नकळत एक भरलेला ट्रक त्यांच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. अंधारात तिने पाहिलं, तिच्या मांडीएवढ्या जाड लोखंडी तुळया केसभर वाकल्या. ट्रक गेला आणि त्या पुन्हा सरळ झाल्या. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिला मात्र तिथून निघायचं नव्हतं. लोखंडाला कळतं आणि ते कुणाला सांगत नाही, असं काहीतरी त्या वयात तिला वाटलं होतं. मेकॅनिकल इंजिनिअरिंग या शब्दांची ओळख तिला नंतर झाली. ते करायचं, आणि ते विद्यापीठातच करायचं, कारण भार आणि वाकणं तपासायची मोठी यंत्रं फक्त तिथल्या कार्यशाळेत होती, हे तिने कधीचंच ठरवून ठेवलं होतं.

प्रवेश परीक्षा झाली. गुण बरे पडले; फार वर नाही, फार खाली नाही. एकेक प्रवेशफेरी होत गेली आणि प्रत्येक वेळी विद्यापीठातलं मेकॅनिकल तिच्या थोडं आधी येऊन थांबलं. शेवटची फेरी उरली. या फेरीत माणसाने स्वतः हजर राहायचं असतं. नंबर पुकारतात, जो असेल त्याला जागा, जो नसेल तो गेला. विद्यापीठाच्या मेकॅनिकलला एकच जागा शिल्लक होती. आणि नेमक्या त्याच दिवशी, त्याच वेळी, घराजवळच्या कॉलेजचीही शेवटची फेरी होती. तिथे तिला नक्की जागा मिळणार होती, पण मेकॅनिकलची नाही, वस्त्रोद्योगाची. एका वेळी एकाच सभागृहात बसता येतं. विद्यापीठात जाऊन जागा मिळाली नाही तर जवळचंही हातून जाणार, म्हणजे अख्खं वर्ष घरी.

गुणवत्ता यादीत नावं नव्हती, नुसते अर्जाचे नंबर होते. तिच्या वरच्या सगळ्यांना कुठे ना कुठे जागा मिळून गेल्या होत्या. एक सोडून. तिच्या लगेच वरचा नंबर अजून मोकळा होता, आणि त्याचे गुण तिच्यापेक्षा एकाने जास्त होते.

तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. चौथी म्हणाली, अगं यादीत हजारो पोरं असतात, कुणीही असेल. दुसरीने मान हलवली. पण तो एक गुण ती ओळखत होती. दोन वर्षं तो तिच्या डाव्या हाताला बसलेला होता.

तेव्हा सगळा प्रश्न एवढाच उरला, की त्या दिवशी पहिला विद्यापीठात येणार की नाही. येणार असेल तर तिने मुकाट्याने जवळच्या कॉलेजात जायचं. हे विचारायचं कुणाला? त्यालाच. आणि त्याचा पत्ता फक्त सरांना माहीत होता.

ती दुपारी गेली. क्लासला सुट्टी लागली होती. खाली टायरचं दुकान उघडं होतं, एक माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. तिने जिना चढताना मनात वाक्य घोळवलं. त्याच्याशी कसं बोलायचं, अरेतुरे की काय, हेही तिने ठरवून टाकलं. आपल्याच वयाचा आहे, अरेतुरेच करायचं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दुपारचं पांढरं ऊन भरलं होतं. बाकं रिकामी, फळा पुसलेला. आणि पहिल्या बाकावर, खिडकीकडच्या जागेवर, पाठमोरं कुणीतरी बसून लिहीत होतं.

ती उंबऱ्यातच थांबली. मान खाली घातलेली होती, एका पायाला दुसऱ्या पायाची अढी घातली होती, आणि सदऱ्याच्या कॉलरचं टोक तोंडात होतं. लिहायचं थांबलं की पाय हलायचा. अवघड गणिताशी बसलेला कुठलाही मुलगा असाच बसतो. तिला पहिल्यांदा भीतीऐवजी जवळचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

“ए,” ती म्हणाली. “तूच ना पहिला?”

हात थांबला. कॉलर तोंडातून सुटली. मान हळूहळू वळली, आणि ते सर होते.

साठीकडे झुकलेले, खांदे उतरलेले, कानांवर पांढरे केस असलेले तेच सर. पण त्यांच्या चेहऱ्यावर सरांचं काही नव्हतं. वर्गात ते तिच्याकडे बघत तसं ते बघत नव्हते. परीक्षेच्या हॉलबाहेर एक मुलगा दुसऱ्या मुलीकडे बघतो, तुझा पेपर कसा गेला हे विचारावं की नाही अशा संशयाने, तसं बघत होते. तिने चूक झाली, ओळखलं नाही, असं काहीतरी पुटपुटलं. सरांनी शेजारची जागा दाखवली. ती जाऊन बसली, आणि सवयीने तिने कोपर अंगाशी घेतला.

त्यांच्यासमोर यंदाचीच प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका होती. ते ती पुन्हा सोडवत होते. सातवा चुकला, ते म्हणाले, तुझा? तिचा बरोबर आला होता. त्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग तू माझ्यापुढे असायला हवी होतीस, ते म्हणाले, आणि थोडा विचार करून, रसायनात गेले असतील तुझे. आवाज वर्गातला नव्हता. बारीक होता, घाईचा होता.

तिला सगळं कळून चुकलं होतं, तरी जे विचारायला आली होती तेच तिने विचारलं, की पहिला राहतो कुठे. सर हसले. शेजारीच बसलीयेस की त्याच्या, म्हणाले.

मग त्यांनी तिला सांगितलं, अगदी साध्या गोष्टी सांगाव्यात तसं. रविवारी ते आत बसून तोच पेपर तेवढ्याच वेळात सोडवायचे, काही न बघता. एकदा तिला ताप होता तेव्हा त्यांनाही कसकस होती. त्यात फसवाफसवी काही नाही. आणि खरी परीक्षाही ते दरवर्षी देतात. नियमात वयाचं काही म्हटलेलं नाही, त्यांनी नीट वाचलं आहे. दरवर्षी यादीत त्यांचा नंबर लागतो. दरवर्षी शेवटच्या फेरीचं बोलावणं येतं. पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. मग क्लास सुरू झाला. मग दरवर्षी काही ना काही निघालं. जायचं राहून गेलं, एवढंच. बोलता बोलता त्यांनी आपल्या नंबरचे शेवटचे आकडे सांगितले. ते तिला पाठ होते.

“यंदा तुम्ही जाणार, सर?”

“का नाही जायचं?”

“एकच जागा आहे.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “तुझ्या आधी माझा नंबर आहे.”

त्यात दुष्टपणा नव्हता. पाण्याच्या नळाशी रांगेत उभा असलेला मुलगा सांगेल, तसं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात जिन्यात बादलीचा आवाज झाला, मावशी खोली पुसायला वर येत होत्या. सर उठले, सदरा नीट केला, कागद घडी करून खिशात घातला, आणि वर्गातल्या जाड आवाजात तिला विचारलं की तिने सगळ्या दाखल्यांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत ना, आयत्या वेळी धावपळ नको. मावशींनी तिच्याकडे बघून मान हलवली. ती खाली आली तेव्हा टायरच्या दुकानातला माणूस अजून पाण्यात ट्यूब फिरवत होता आणि बुडबुडा कुठे सापडत नव्हता.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. चौथीला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या क्लासला कळलं असतं आणि पोरं हसली असती. पण तेवढ्यासाठीच नव्हे. पाठमोऱ्या त्या माणसाला तिने ए म्हणून हाक मारली होती आणि त्याने ओ दिल्यासारखं वळून पाहिलं होतं. हे मोठ्याने बोललं तर त्याला आणखी जोर चढेल, असं तिला वाटत राहिलं.

घरी तिने इतकंच सांगितलं की पहिला भेटला, आणि तो येणार म्हणतो.

आईने सुटकेचा श्वास टाकला. मग संपलंच, म्हणाली. जवळच्या कॉलेजात जा, घरचं जेवण मिळेल, कापडाचं शिक्षण काही वाईट नसतं, माणसं कपडे घालायची थांबणार आहेत का. धाकटी म्हणाली, चला, मला फुकट ड्रेस. बाबांनी केबिनची किल्ली टेबलावर ठेवली आणि उचलली, पुन्हा ठेवली.

मुलगी आपल्या खोलीत जाऊन बसली आणि तिने ते गणितासारखं मांडायचं ठरवलं. एक माणूस आहे. त्याला दरवर्षी बोलावणं येतं आणि तो दरवर्षी जात नाही. यंदा तो जाईल याची शक्यता किती? पुस्तकातल्या पेटीत पांढरे आणि काळे चेंडू असायचे, आणि दरवेळी काळाच निघत असेल तर पेटीत पांढरा आहे असं कशावरून म्हणायचं? उत्तर तिच्या बाजूने येत होतं. पण गणित सोडवताना तिच्या लक्षात आलं की आपण मनातून त्या माणसाच्या घरी यंदाही कुणीतरी अंथरुणाला खिळावं अशी वाट बघतो आहोत. तिने पेन खाली ठेवलं.

फेरी दुसऱ्याच दिवशी होती. सकाळी तिने सांगितलं की मी विद्यापीठात जाणार.

“तो येणार आहे असं त्यानेच सांगितलं ना तुला?” आई म्हणाली.

“सांगितलं. पण तो कुठे येत नसतो.”

“आणि आला तर?”

“आला तर वर्ष जाईल,” बाबा म्हणाले. “जाईल तर जाईल. ट्रक काट्यावर चढवल्याशिवाय कसं कळणार काय भरलंय ते.”

तुम्ही आणि तुमचा काटा, आई म्हणाली, आणि डबा न घेताच दुकानात निघून गेली.

विद्यापीठाचं सभागृह उंच छताचं होतं. पालकांना बाहेर थांबवलं होतं. आत खुर्च्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, यादीच्या क्रमाने. तिने आपली खुर्ची शोधली. डावीकडची खुर्ची रिकामी होती. तिला हायसं वाटलं, आणि मग त्या वाटण्याचीच लाज वाटली. समोर व्यासपीठावर एक बाई माइकशी बसल्या होत्या, शेजारी कागदांचे गठ्ठे. आधी दुसऱ्या शाखांच्या जागा झाल्या. नंबर पुकारला जाई, कुणीतरी हजर म्हणून उठे, टेबलाशी जाई. जो नसे त्याचा नंबर तीन वेळा पुकारत आणि पुढे सरकत.

मेकॅनिकल यायला थोडा वेळ होता तेव्हा बाजूच्या दाराने सर आले.

केस पाण्याने चापून बसवले होते. सदरा कोरा होता, दुकानातल्या घडीच्या रेघा अजून पाठीवर उमटलेल्या. हातात एक जुनी कंपासपेटी होती. ते ओळीने चिठ्ठ्या वाचत आले, आपली चिठ्ठी सापडल्यावर तिच्याकडे बघून ओळखीचं हसले, आणि बसले. आसपासची दोन-चार पोरं हा कुणाचा बाप आत घुसला म्हणून वळून बघू लागली.

“तू पण आलीस?” ते म्हणाले.

तिने मान हलवली. वर्ष गेलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आई काय म्हणेल, बाबा काय म्हणणार नाहीत. त्या दुपारसारखंच आज तिच्या डाव्या बाजूला खरंच कुणीतरी होतं. त्याच्या सदऱ्याच्या खळीचा वास येत होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. तरीही तिथून गारवा येत होता, उघड्या खिडकीतून येतो तसा.

बाईंनी मेकॅनिकल म्हटलं, एक जागा, म्हटलं, आणि सरांचा नंबर पुकारला.

सर उठले नाहीत.

तिला वाटलं ऐकू गेलं नसेल. तिने तिरप्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी कंपासपेटी दोन्ही हातांत धरली होती आणि त्यांची बोटं पांढरी पडली होती. तोंड उघडं होतं, हजर म्हणण्याच्या आकारात. आवाज नव्हता. कपाळावर बसवलेल्या केसांतून पाण्याचा एक थेंब घरंगळत खाली आला.

दुसऱ्यांदा पुकारलं.

“सांग ना,” ते म्हणाले. ओठ न हलवता, पोरं वर्गात मागतात तसं, एवढ्या बारीक आवाजात की तिच्यापलीकडे ते कुणाला गेलं नसतं. “मी आहे म्हणून सांग. माझ्याने उठवत नाही.”

तिने समोर बघितलं. व्यासपीठामागे भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा काटा हलताना दिसत नव्हता पण हलत असणार. तिला एवढंच करायचं होतं की हात वर करायचा आणि म्हणायचं, आहेत, हे इथे आहेत. ते तिचे सर होते. तिला जे येत होतं त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलं होतं, आणि उरलेलं निम्मं ती त्यांच्या मागे धावता धावता शिकली होती. तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवरून जराशी उचलली गेली.

“ए,” तो आवाज म्हणाला. “सांग ना गं.”

तिने बोटं पुन्हा मांडीवर टेकवली.

तिसऱ्यांदा पुकारलं. बाईंनी चष्म्यावरून सभागृहावर नजर फिरवली, ती त्या दोघांवरून गेली, पुढच्या ओळींवर गेली, परत आली. बाईंनी कागदावर रेघ मारली. मग तिचा नंबर पुकारला.

उठताना एक क्षण तिला वाटलं की आता आपल्यालाही जमणार नाही, ही खुर्ची आपल्याला सोडणार नाही. डावीकडून काही आवाज नव्हता, श्वाससुद्धा नव्हता. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली, स्वतःला वर ओढलं आणि हजर म्हणाली. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. पुढची पोरं दचकली.

टेबलाशी तिचे दाखले तपासले, सही घेतली, अंगठा घेतला. बाईंनी अभिनंदन म्हटलं आणि पावती तयार होईपर्यंत बाहेर व्हरांड्यात थांबायला सांगितलं. ती मागे वळून न बघता बाहेर आली. बाबा लांब फाटकापाशी उभे होते, त्यांना ती दिसली नव्हती. तिने आधी आईला फोन लावला. चष्म्याच्या दुकानातलं घासायचं यंत्र चालू होतं, ते बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

तिने सांगितलं, मिळाली.

आई हसली, मग नाक ओढलं, मग म्हणाली की डबा घेतला नव्हता सकाळी, खूप भूक लागली आहे आता. दुकानातल्या कुणाला तरी तिने ओरडून सांगितलं. मग तिला आठवलं.

“आणि तो? पहिला? आला होता का गं?”

व्हरांड्याच्या खिडकीतून सभागृह दिसत होतं. फेरी संपली होती. पोरं निघून गेली होती, शिपाई मागच्या ओळीपासून खुर्च्या एकात एक अडकवत पुढे येत होता. सर अजून तिथेच होते. फक्त ते एक खुर्ची सरकले होते. आपल्या खुर्चीवरून उठून ते तिच्या खुर्चीवर, तिच्या नंबरच्या चिठ्ठीवर बसले होते. पाठ ताठ, कंपासपेटी मांडीवर, तोंड व्यासपीठाकडे, जिथे आता कुणी नव्हतं.

“नाही आला,” ती म्हणाली.

“बिचारा,” आई म्हणाली. “आजारी वगैरे पडला असेल.”

शिपाई सरांच्या ओळीपर्यंत पोचला. तो त्यांच्यापाशी वाकून काहीतरी बोलला. सरांनी बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं आणि माइककडे कान दिला.